महागडा रिमोट आणि गिरडकर काकांची वही

तमाम टीव्हीधारक जनतेस, त्यांच्या सुनाजावयांस आणि सोफ्याच्या फटीत हात घालून बसलेल्या समस्त कुटुंबप्रमुखांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, 'सगळ्या घराला एकच रिमोट' या नावाने बाजारात जी वस्तू विकली जात आहे, तिच्यापासून सावध राहावे. सदर वस्तू दिसायला देखणी, हाताला गुळगुळीत आणि जाहिरातीत फार गोड बोलणारी आहे. तिने आजवर कोणाचा जीव घेतल्याचे ऐकिवात नाही. मात्र एका माणसाचे राहते घर ती जवळजवळ घेऊन चालली होती, आणि त्या कामी तिच्या बाजूने साक्ष देणारा इसम प्रस्तुत लेखक स्वतः होता. हुकुमावरून.

झाली जाहीर सूचना. आता मांडी घालून बसा, कारण गोष्ट माझ्या बेअब्रूची आहे आणि ती मी फार रंगवून सांगतो.

मी नागपुरात, प्रतापनगरात, टीव्ही दुरुस्त करतो. तीस वर्षं झाली. सुरुवातीला टीव्हीला मागे कुबड असायचं आणि तो उचलायला दोन माणसं लागायची. आता तो आरशासारखा भिंतीवर टांगलेला असतो आणि त्याच्या आत दुरुस्त करण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. त्यामुळे माझा निम्मा धंदा हल्ली रिमोटवर चालतो. 'टीव्ही बिघडला, लवकर या' असा फोन आला की मी टीव्हीचा विचारच करत नाही. जाताना खिशात दोन सेल टाकतो.

या धंद्यानं मला संशय घ्यायला शिकवलं. डॉक्टरला पेशंट निदान अर्धं तरी खरं सांगतो. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक काउंटरवर रिमोट ठेवतं आणि देवाची शपथ घेतल्यासारखं म्हणतं, "काहीच नाही झालं भाऊ, ठेवल्याठेवल्या बंद पडला." मी स्क्रू काढतो. आत तुरीचं वरण वाळून त्याची पापडी झालेली असते. मी ती चिमट्यानं उचलून उजेडात धरतो. गिऱ्हाईक पंख्याकडे पाहतं. "पोरांचं काम असंन," म्हणतं. घरात पोरं नाहीत हे मला माहीत असतं, पण मी नाटकातला जुना माणूस, कुठं टाळी घ्यायची आणि कुठं गप्प बसायचं हे मला कळतं.

एकजण चहात पडलेला रिमोट वाळायला तांदळाच्या डब्यात ठेवून विसरले. रिमोट सापडला, सेल सापडले नाहीत. ते पुढं तांदूळ निवडताना सापडले, आणि त्या घरात बरेच दिवस तांदळापेक्षा नवऱ्यालाच जास्त निवडलं गेलं. एका बाईंनी रिमोटचं मूळ प्लास्टिक कधी काढलंच नाही, वरून आणखी एक पिशवी चढवली आणि रबर लावलं. टीव्ही जुना होऊन भंगारात गेला तेव्हाही रिमोट कोरा करकरीत होता. त्यांनी तो भंगारवाल्याला दिला नाही. "चांगला आहे ना अजून," म्हणाल्या.

आणि एक होत्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या टीव्हीचं चॅनल आपोआप बदलायचं, ऐन मालिकेच्या वेळी. त्यांचा पक्का संशय होता की कोणीतरी परदेशातून त्यांचा टीव्ही ताब्यात घेतलाय. मी खिडकीत उभा राहिलो. समोर, गल्लीच्या पलीकडे, त्याच कंपनीचा टीव्ही आणि एक गृहस्थ हातात दणकट युनिव्हर्सल रिमोट घेऊन बसलेले. खिडकी उघडी, पडदा बाजूला. ते त्यांचं चॅनल बदलायचे, बाईंचंही बदलायचं. मी म्हटलं, "मॅडम, फक्त पडदा लावा." मॅडमनी जरा विचार केला आणि मला विचारलं, "त्यांच्यापेक्षा जास्त ताकदीचा रिमोट मिळते का तुमच्याकडे?"

तर सांगायचं असं की तीस वर्षांत माझा एक सिद्धांत तयार झाला होता: बिघाड वस्तूत कमी असतो, हातात जास्त असतो. या सिद्धांताचा मला फार अभिमान होता. तो अभिमान कसा उतरला तेच सांगतोय.

आधी दोन मिनिटं शाळा. रिमोट म्हणजे बॅटरी, म्हणजे टॉर्च. त्याच्या नाकावरच्या छोट्या दिव्यातून जो उजेड निघतो तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. मोबाइलचा कॅमेरा चालू करा, रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक मोबाइलांत तो दिवा जांभळट लुकलुकताना दिसेल. लुकलुकला तर रिमोट जिवंत. ही युक्ती मी गिऱ्हाइकाला अशी दाखवतो की जणू मी आत्ताच भानामती काढली. प्रत्येक बटणाची लुकलुक वेगळी असते आणि टीव्ही ती ओळखतो.

युनिव्हर्सल रिमोट म्हणजे बऱ्याच कंपन्यांची लुकलुक पाठ असलेला नकलाकार. माझ्या दुकानात माळेसारखे लटकलेले असतात ते स्वस्त नकलाकार. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. महागडा असतो तो फक्त नकला करत नाही, तो नाटक बसवतो. त्याला छोटा पडदा असतो, सोबत एक गोल डबी येते, मोबाइलवर त्याचं ॲप चढवावं लागतं. 'टीव्ही पाहा' असं एकच बटण दाबलं की तो टीव्ही चालू करतो, सेटटॉप बॉक्स चालू करतो, आवाजाची पट्टी, म्हणजे साउंडबार, चालू करतो, सगळं आपल्या जागी लावतो. आणि कोणाला झोपवलंय, कोणाला उठवलंय हे तो लक्षात ठेवतो. हे शेवटचं वाक्य वाचकांनी नीट वाचून पुढं जावं.

आता गिरडकर काका.

काका आमच्याच भागात राहतात, माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून. पंचाहत्तरी ओलांडलेली, ताठ बांधा, पांढरा शर्ट नेहमी खोचलेला. नोकरी वीज मंडळात, सबस्टेशनवर ऑपरेटर. म्हणजे आयुष्यभर मोठमोठे स्विच चालू-बंद करायचे, आणि कोणता कधी केला ते दर तासाला रजिस्टरमध्ये लिहायचं. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून काका एकटे, आणि एकटं राहणं त्यांना जमतंय याचा त्यांना गर्व. सकाळी फिरणं, स्वतःचा चहा, सात वाजता टीव्ही.

त्यांचा मुलगा प्रशांत विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत आहे. वर्धा रोडला सातव्या मजल्यावर फ्लॅट. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगतो. बाप एकटा राहतो याची त्याला खरोखर काळजी. पण काळजी करणाऱ्या माणसाला पुरावे गोळा करायची सवय लागते.

प्रशांत एक दिवस दुकानात आला आणि मोबाइलवर त्या रिमोटचा फोटो दाखवून म्हणाला, "सुधाकरभाऊ, बाबांकडे तीन रिमोट होऊन गेलेत. टीव्हीचा, सेटटॉपचा आणि मी साउंडबार दिला त्याचा. त्यापेक्षा हा एकच घेऊन देतो. वर्थ आहे का?"

वाचकहो, इथं मी विचारायला हवं होतं की काका टीव्ही कसा लावतात, कसा बंद करतात. मी विचारलं नाही. असा भारी रिमोट मी तोवर हाताळला नव्हता आणि मला तो हाताळायचा होता. मी काउंटरवर कोपर टेकवलं, डोळे अर्धे मिटले आणि तज्ज्ञाच्या आवाजात म्हटलं, "घ्या. एकदम कडक वस्तू आहे."

जोडणी करायला मीच गेलो. काका खुर्चीवर बसून, हाताची घडी घालून, मी काय करतो ते पाहत होते. सबस्टेशनवर नवीन यंत्र आल्यावर पाहत असतील तसं.

"याच्यानं काय काय चालते?" त्यांनी विचारलं.

"घरातलं सगळं, काका."

"कूलर चालते?"

नागपुरात उन्हाळ्यात माणूस दोन गोष्टींना मानतो, त्यातली एक कूलर. आमचे कूलर म्हणजे पत्र्याचे, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, टट्ट्यांचे, पाइपनं पाणी भरायचे. त्यांना रिमोट म्हणजे काय हे माहीत नाही.

"कूलर नाही चालत," मी कबूल केलं.

"मंग सगळं काहून म्हणते गा?"

पहिल्याच दिवशी, पहिल्याच प्रश्नात म्हाताऱ्यानं वस्तूची परीक्षा केली होती. मी हसण्यावारी नेलं.

आठवड्याभरात प्रशांतचा फोन. "भाऊ, बाबा रोज सकाळी फोन करून राहिले, टीव्ही लागत नाही म्हणतात. माझी मीटिंग असते. जरा पाहून याल?"

मी गेलो. भिंतीवरचं बटण बंद होतं. मी ते चालू केलं, लगेच रिमोटचं 'टीव्ही पाहा' दाबलं. थोडा वेळ गेला आणि चित्र हजर. आवाज हजर. मी काकांकडे पाहिलं.

"सकाळी नव्हतं लागत," काका म्हणाले.

"आता लागलं ना?"

"आता लागलं. सकाळी नव्हतं लागत."

दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा मी गेलो, बटण चालू, रिमोट दाबला, चित्र हजर. काकांनी या वेळी माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त एका वहीत काहीतरी लिहिलं. मी बाहेर आलो आणि गाडीवर बसल्या बसल्या प्रशांतला फोन लावला. त्या फोनमधलं माझं वाक्य मला शब्दशः आठवतं, आणि ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी म्हटलं, "रिमोट ओके आहे. काकांकडूनच चुकत असंन."

माझा सिद्धांत. तीस वर्षांचा.

पलीकडून प्रशांत म्हणाला, "मला तेच वाटत होतं भाऊ."

त्यानंतर महिनाभर मला फोन आला नाही. मी समजलो, काका शिकले. मग एका शनिवारी प्रशांतचा फोन आला. आवाज खाली घेतलेला. "भाऊ, उद्या सकाळी घरी येऊन टीव्ही भिंतीवरून उतरवून द्याल? बाबांना आमच्याकडे नेतोय. कायमचं. घर पुढं भाड्यानं देऊ. एकटं ठेवणं आता बरोबर नाही. त्यांच्या लक्षात राहत नाही काही. टीव्ही कधी लावला, कधी बंद केला हे वहीत लिहून ठेवतात, काय सांगू तुम्हाला. तुम्ही स्वतःच तर पाहिलं."

मी स्वतःच तर पाहिलं. म्हणजे खटल्यात मुख्य साक्षीदार मी. रविवारी सकाळी साडेदहाला माझी हत्यारांची पिशवी घेऊन मी त्या घरी पोचलो.

हॉलमध्ये संत्र्याची रिकामी खोकी पसरली होती. प्रशांतची बायको वैशाली काकूंची भांडी कागदात गुंडाळून त्यांत भरत होती. प्रशांत फोनवर. काका आपल्या खुर्चीवर, शर्ट खोचलेला, चेहरा बंद. मी स्टूल ओढलं, पेचकस काढला.

"थांब गा," काका म्हणाले.

मी थांबलो.

त्यांनी उठून ती वही आणली. शाळेची शंभर पानी, वर कव्हर घातलेली. "उतरवायचं तर उतरव. पण पहिले हे वाच. मी याले देऊन पाहिली," प्रशांतकडे बोट, "यानं उघडली नाही. तुले मशीनीतलं समजते म्हणून तुले देऊन राहिलो."

"बाबा, आता कशाला ते," प्रशांत फोन खाली घेत म्हणाला. "सुधाकरभाऊंना दुसरी कामं असतील."

"रविवारी त्याले कोणतं काम असते? दुकान बंद असते त्याचं. वाच गा तू."

मी स्टुलावरच बसलो. वही उघडली आणि पहिल्याच पानावर माझी मान खाली गेली. हे म्हाताऱ्याचं भ्रमिष्टपण नव्हतं. हे सबस्टेशनचं रजिस्टर होतं. प्रत्येक पानावर पट्टीनं मारलेले रकाने. भिंतीवरचं बटण चालू: वेळ. रिमोट दाबला: वेळ. निकाल. रात्री पुन्हा: रिमोटनं बंद, वेळ. भिंतीवरून बंद, वेळ. एक दिवस चुकलेला नाही. आणि मी आलो होतो ते दोन दिवससुद्धा होते: 'मेकॅनिक आला. बटण व रिमोट लगेच. चित्र बरोबर. मेकॅनिक गेला.' माझ्याबद्दल इतकं कोरडं आणि इतकं खरं आजवर कोणी लिहिलेलं नाही.

मी पानं उलटत गेलो. काही दिवस 'बरोबर', काही दिवस 'चित्र नाही, निळा पडदा'. पहिल्यांदा काहीच उमगलं नाही. मग दोन रकाने शेजारी शेजारी वाचायला लागलो. सात वाजता बटण, सातला एक मिनिट रिमोट: बरोबर. सात वाजता बटण, सात बाराला रिमोट: चित्र नाही. सातला पाच कमी, सातला चार कमी: बरोबर. सात, सात दहा: चित्र नाही. सात, सात अकरा: चित्र नाही.

"काका," मी विचारलं, "बटण लावल्यावर काही दिवस तुम्ही दहा-बारा मिनिटं थांबता. काहून?"

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी नवीन लागलेला हेल्पर आहे. "मशीनीले करंट देल्ल्याबरोबर कोणी लोड टाकते का? स्थिर होऊ द्या लागते. तोवर मी चहा करतो."

"आणि लगेच दाबता ते दिवस?"

"फिरून याले उशीर झाला, बातम्या सुरू झाल्या, तर घाई होते. चूकच ते. पण त्याच दिवशी बरोबर लागते, हे मले समजून नाही राहिलं. म्हणून तर लिहून ठेवलं."

मी हातातला पेचकस खाली ठेवला. मला कळलं होतं. आणि जे कळलं ते तिघांना सांगताना माझा आवाज, खरं सांगतो, पहिल्यांदाच नाटकाशिवाय निघाला.

वाचकांनाही सांगतो. काका रात्री रिमोटनं सगळं बंद करायचे. रिमोट मनाशी नोंद करायचा: टीव्ही झोपला, सेटटॉप झोपला. मग काका भिंतीवरचं बटण बंद करायचे. आपल्याकडं कोण करत नाही? वीज वाचते, आकाशात कडाडलं तर धोका नाही, आईवडिलांनी हेच शिकवलेलं. पण त्या रिमोटला ज्यांनी शाळा शिकवली त्यांच्या घरी भिंतीवरचं बटण कोणी बंद करत नसावं. सकाळी करंट आला की टीव्ही झोपूनच राहतो, पण सेटटॉप स्वतःहून उठतो. दोन-तीन मिनिटं घेतो, पण उठतो. रिमोटला हे कोणी सांगत नाही. त्याच्या लेखी तो अजून झोपलेलाच. काका चहा पिऊन येऊन रिमोट दाबतात. रिमोट टीव्हीला उठवतो आणि सेटटॉपला 'उठ' म्हणून तीच लुकलुक पाठवतो. आता चालू करायची आणि बंद करायची लुकलुक एकच असते. जागा असलेला सेटटॉप ती ऐकून झोपतो. निळा पडदा.

आणि घाईत लगेच दाबलं तर? सेटटॉप तेव्हा अर्धवट झोपेत असतो, त्याला काही ऐकूच येत नाही. तो आपला आपण उठतो आणि चित्र लागतं. मी दोन्ही वेळा घाईत दाबलं होतं. मी जन्मात कधी कशाची वाट पाहिलेली नाही. काकांनी वाट पाहिली, कारण आयुष्यभर त्यांना जबाबदारीचं काम होतं. म्हणजे ज्या शिस्तीनं काकांनी सबस्टेशन सांभाळलं, त्याच शिस्तीनं त्यांना वेडं ठरवलं होतं, आणि माझ्या उतावळेपणानं रिमोट शहाणा ठरला होता.

जुने तीन रिमोट काही लक्षात ठेवायचे नाहीत. काकांना समोर दिसायचं कोणतं चालू आहे, ते फक्त बंद असलेलं चालू करायचे. लक्षात ठेवायचं काम डोक्याचं होतं, आणि डोकं ठीक होतं.

म्हणून आता कोणी 'वर्थ आहे का' असं विचारलं तर माझं उत्तर ऐका, फुकट देतोय. ज्या घरात भिंतीवरचं बटण बंद होतं, त्या घरात सगळं लक्षात ठेवणारा महागडा रिमोट नेऊ नका. ज्याचं ॲप कंपनीच्या भरवशावर चालतं, तो तर अजिबात नाही. उद्या कंपनीचा मूड गेला की हातात गुळगुळीत वीट राहते. सेटटॉपच्याच रिमोटला टीव्हीची चार बटणं शिकवून मिळतात, आमच्यासारखा कोणीही शिकवून देतो. आणि सगळ्यात आधी मेकॅनिकला विचारा की तुम्ही हे स्वतःच्या घरी वापरता का. तो घसा खाकरला तर समजून जा.

मी प्रशांतसमोर उभा राहिलो. "तेव्हा मी म्हटलं होतं काकांकडून चुकतंय. ते चूक होतं. चूक माझी."

प्रशांत इंजिनिअर माणूस. तोंडी गोष्टीवर त्याचा विश्वास नाही, आणि एकदा मनात बसवलेलं निघत नाही. "थिअरी ठीक आहे भाऊ," तो म्हणाला. "पण बाबांची चूक झाकायला आपण रिमोटला दोष देऊन राहिलो असं नको व्हायला. मी करून पाहतो. स्वतः."

"पाह्य," काका म्हणाले. एवढंच.

पहिली वेळ घाईची. प्रशांतनं भिंतीवरचं बटण लावलं, लगेच रिमोट दाबला. चित्र आलं. प्रशांतच्या चेहऱ्यावर निवांतपणा आला. तो म्हणाला, "बघा. लागलं." मी म्हटलं, "आता रिमोटनं बंद करा, भिंतीवरून बंद करा. काही मिनिटं जाऊ द्या. मग लावा आणि काकांसारखं थांबा."

वैशालीनं भांडी भरायचं थांबवलं. चहा ठेवला. प्रशांतनं बटण लावलं. आम्ही चौघं त्या अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये बसलो, खोक्यांच्या मध्ये, आणि चहा प्यायलो. सेटटॉपवरचा छोटा लाल दिवा हिरवा झाला तो आम्ही तिघांनी पाहिला. प्रशांत कपात पाहत होता. काका घड्याळाकडे पाहत होते. माझी तर अशी स्थिती होती की मी मनातल्या मनात त्या सेटटॉपला विनवत होतो, बाबा रे, आज तरी शहाण्यासारखा झोप.

बारा मिनिटं झाली. प्रशांतनं रिमोट उचलला, नीट धरला, 'टीव्ही पाहा' दाबलं.

टीव्ही लागला. हिरवा दिवा लाल झाला. निळा पडदा.

प्रशांतनं पुन्हा दाबलं. आता आवाजाची पट्टी खूळ लागल्यासारखी एकदा वाजली आणि गप्प झाली. त्यानं छोट्या पडद्यावर काहीतरी दाबलं, ॲप उघडलं, भिंतीकडे गेला, परत आला, तिसऱ्यांदा दाबलं. टीव्ही बंद झाला. "अरे, आत्ता तर..." तो म्हणाला, आणि त्याचं वाक्य तिथंच राहिलं, कारण महिनाभर सकाळी सातला फोनवर त्यानं बापाच्या तोंडून नेमकं हेच वाक्य ऐकलं होतं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

काकांनी वही माझ्याकडे सरकवली, सोबत पेन. आवाजात ना राग, ना हर्ष. ड्युटीवरचा आवाज.

"लिही, सुधाकर. अकरा बावन. चित्र नाही. ऑपरेटर: प्रशांत."

मी लिहिलं. प्रशांत रिमोट हातात धरून उभाच होता, त्याला तो कुठं ठेवावा कळेना. खोल्यांमधलं सामान अर्धं भरलेलं, भाडेकरूला सांगून ठेवलेलं, आणि बापाला घरातून न्यायचं एकमेव कारण त्याच्या हातात. 

बोलली वैशाली. ही मुलगी नरखेडकडची, संत्र्याच्या बागेवाल्या घरातली, पण चारचौघांत अगदी पुस्तकात छापल्यासारखं बोलते. सासऱ्यांसमोर तर आवाजही चढवत नाही. तिनं खोक्यातून काकूंचं पातेलं बाहेर काढलं, कागद सोडवून टाकला आणि माहेरच्या बोलीत, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, तिच्या तोंडून निघून गेलं:

"अहो, मंग त्या रिमोटलेच घेऊन चला ना आपल्या घरी! सांभाळाची गरज त्याले आहे, बाबाले नाही!"